बायो-इंजिनिअरिंगचे शिक्षण आणि बाजारातली आपली मुले

दहावीचा निकाल लागला की आमच्या दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा सल्ला मागणारेच जास्त येतात. गोंदियाच्या बाजारात आमचा कापडाचा धंदा. शिक्षणखात्याशी आमचा काडीचा संबंध नाही. तरी उर्दू शाळेत शिकून मराठी वर्तमानपत्रे वाचणारा माणूस म्हणून लोक येऊन गादीवर बसतात. "चाचा, मुलीला चांगले मार्क पडले, आता कोठे घालू?" उत्तर विचारणाऱ्यालाही ठाऊक असते. मुलगी हुशार असेल तर डॉक्टर, नाही जमले तर शिक्षिका. मुलगा हुशार असेल तर इंजिनिअर, नाही तर आहेच बापाचा गल्ला. डॉक्टर आणि इंजिनिअर या दोन दारांच्या मधोमध एक तिसरे दार आहे आणि ते आपल्या धंद्याच्या फार जवळून जाते, हे आम्हालाही अलीकडेपर्यंत माहीत नव्हते. माहीत झाले ते घरात एक नुकसान सोसून. ते पुढे सांगू.

या तिसऱ्या दाराचे नाव जैव-अभियांत्रिकी. बाजारात त्याला बायो-इंजिनिअरिंग म्हणतात. पाट्या मात्र वेगवेगळ्या असतात: बायोटेक्नॉलॉजी, बायोकेमिकल, बायोमेडिकल, बायोप्रोसेस, बायोलॉजिकल इंजिनिअरिंग. पाट्या पाहून आई-वडील गोंधळतात. ढोबळमानाने दोन घरे समजावीत. जिवंत पेशी, जंतू, खमीर यांच्याकडून माल तयार करून घेणारे एक घर. लस, औषध, इथेनॉल, कापड धुण्याची रसायने हे सारे त्यात आले. माणसाच्या शरीरासाठी यंत्रे व अवयव बनवणारे दुसरे घर. डायलिसिसचे यंत्र, कृत्रिम पाय, हृदयाची झडप हे त्यात आले.

देगेचा हिशेब

यात इंजिनिअरचे काय काम, असा प्रश्न आम्हीही विचारला होता. जिवांचा अभ्यास तर जीवशास्त्रवाले करतातच. याचे उत्तर आम्हाला वलीम्याच्या देगेत सापडले. दहा माणसांचा पुलाव घरोघरी उत्तम होतो. हजार माणसांची देग चढवायची तर बावर्चीच बोलवावा लागतो. मसाला तोच, तांदूळ तोच; पण देग मोठी झाली की तळाला करपते आणि मध्ये कच्चे राहते. आंच किती, वाफ कोठून जाऊ द्यायची, कधी हलवायचे, हा हिशेब वेगळा.

पेनिसिलिनची गोष्ट अशीच आहे. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी बुरशीचा तो गुण पाहिला. पण अनेक वर्षे ते औषध बशी-बाटलीत चिमूटभरच मिळत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मोठमोठ्या टाक्यांत बुरशी वाढवण्याची रीत बसली, तेव्हा कोठे ते सामान्य रोग्यापर्यंत आले. टाकीत प्रत्येक थेंबाला हवा पोहोचली पाहिजे, बुरशी वाढताना निघणारी उष्णता बाहेर काढली पाहिजे, आणि परका जंतू एकही आत जाता कामा नये. हे काम इंजिनिअरांचे होते. आपल्या पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला, त्यातही हीच विद्या लागली.

जीवशास्त्रज्ञ जीव कसा चालतो ते पाहतो. बायो-इंजिनिअर त्याला कामाला लावतो. रोज तेच काम, त्याच दर्जाचे, आणि परवडेल अशा खर्चात. एका थानाची छटा दुसऱ्या थानाशी जुळली नाही तर माल परत येतो, हे ज्याने भोगले आहे त्याला हे निराळे समजावून सांगायला नको.

इन्सुलिनचे उदाहरण तर आपल्या लोकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. १९२२ सालापासून मधुमेहाच्या रोग्यांना इन्सुलिन मिळू लागले, ते डुकराच्या व गायीच्या स्वादुपिंडातून काढलेले असे. किती दीनदार रोग्यांनी ते मनात खंत ठेवून टोचून घेतले असेल. पुढे माणसाच्या इन्सुलिनचा जनुक जंतूत घालून त्याच्याकडूनच ते तयार करवण्याची युक्ती निघाली, आणि १९८२ साली अमेरिकेत अशा इन्सुलिनला परवानगी मिळाली. आपल्याकडे हबील खोराकीवाला यांच्या वोक्हार्टने २००३ साली स्वतःचे असे इन्सुलिन बाजारात आणले. त्या कंपनीचा जैव-तंत्रज्ञानाचा पसारा औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात उभा राहिला. हाताशी विद्या असली की हलाल-हरामचा एक जुना पेच कारखान्यात सुटतो, तो असा.

हे आपल्या गल्ल्यावर आधीच आले आहे

कापडवाल्यांनी तर ही विद्या परकी समजूच नये. मागावर चढण्याआधी ताण्याच्या सुताला खळ देतात, सायझिंग म्हणतात ते. भिवंडी-मालेगावचा कोरा कपडा हातात घेतला की ती कडक खळ बोटाला लागते. रंगवण्याआधी ती काढावी लागते, नाही तर रंग डाग-डाग बसतो. ती काढायला प्रोसेस हाऊसमध्ये अमायलेज नावाचे एन्झाइम वापरतात. एन्झाइमला उर्दूत खामरा म्हणतात. शाळेत हयातियातच्या पुस्तकात हा शब्द आम्ही घोकला होता, पण नानबाईच्या खमिराशी त्याचे नाते आहे हे तेव्हा कोणी सांगितले नाही. अमायलेज स्टार्चची खळ तोडते, सुताला हात लावत नाही. तेजाबाने तीच खळ काढायला गेलो तर सूतही कमजोर होते.

जीन्सचेही तेच. विटलेला, जुनाट रंग आणण्यासाठी पूर्वी जीन्स यंत्रात ज्वालामुखीच्या हलक्या दगडांबरोबर घुसळत. दगडाने कापड फाटे, यंत्र झिजे, वाळू गटारात साचे. एकोणीसशे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सेल्युलेज हे एन्झाइम आले, ते कापसाच्या धाग्यावरची वरची लव खाते आणि रंग हलका करते. सुती होजियरीवर बारीक गुठळ्या येऊ नयेत म्हणून 'बायोपॉलिश' करतात, तेही याच जातीच्या एन्झाइमचे काम. ठोक बाजारात माल घेताना 'बायोवॉश' शब्द आपण रोज ऐकतो आणि त्याचा भावही मोजतो. त्या शब्दामागे एका माणसाची पदवी आहे, एवढेच आपण विचारलेले नसते.

आणि तो कापूस? जालन्याच्या महिको कंपनीने अमेरिकेच्या मोन्सँटोबरोबर आणलेल्या बीटी कपाशीला २००२ साली सरकारने परवानगी दिली आणि विदर्भातली शेते बदलून गेली. पुढे गुलाबी बोंडअळी त्या बियाण्याला पुरून उरली आणि शेतकरी पुन्हा फवारणीकडे वळला. ही विद्या म्हणजे जादूची कांडी नव्हे, हेही या कपाशीनेच दाखवले.

गोंदियाचा खरा धंदा भाताचा. गिरणीत भात सडला की कोंडा निघतो आणि त्यात तेल असते. पण कोंड्यातलेच एक एन्झाइम काही तासांतच ते तेल नासवायला लागते. म्हणून कोंडा ताबडतोब तापवून स्थिर करावा लागतो, उशीर झाला की तो गुरांच्या तोंडी. कणीचे, म्हणजे आपल्याकडच्या कनकीचे, इथेनॉल होते. त्यासाठी आधी तिच्या स्टार्चची साखर करावी लागते आणि ते काम करते तेच अमायलेज, जे कापडाची खळ काढते! देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा २०२५ साली गाठला गेला. सरकारी गोदामातला तांदूळ त्यासाठी द्यायचा की नाही यावर धोरण मागेपुढे होत राहिले; २०२३ साली पुरवठा थांबला होता, पुढे तो पुन्हा सुरू झाला. गिरणीवाल्यांना याची झळ व फायदा दोन्ही माहीत आहेत.

कोसा: आपल्याच जंगलातला माल

आता ज्या गोष्टीने आमचे डोळे उघडले तिच्याकडे येऊ.

आम्ही कोसा विकतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या जंगलात ऐन व अर्जुनाच्या झाडांवर ढिवर बांधव टसरच्या अळ्या पोसतात. पाखरे अळ्या टिपतात म्हणून दिवसभर झाडाखाली राखण करावी लागते. कोष तयार झाले की सोड्यात उकळून मऊ करायचे आणि सूत काढायचे. टसरचा कोष तुतीच्या कोषापेक्षा फार कडक, त्यामुळे उकळताना जरा चुकले की सूत तुटते किंवा त्याची झळाळी जाते. त्याच सुताची करवतकाठी साडी होते, जिला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. आम्ही हे सूत हाताळत म्हातारे व्हायला आलो. पण कोसा म्हणजे साडी, फेटा, शाल यापुढे आमची अक्कल कधी गेली नाही.

रेशमाचा धागा शस्त्रक्रियेत टाके घालायला फार पूर्वीपासून वापरतात, हे ऐकून होतो. पुढचे नवे होते. रेशमात फायब्रोइन नावाचे प्रथिन असते, तोच धाग्याचा गाभा. त्याला विरघळवून त्याची पातळ पापुद्र्यासारखी चादर करता येते, स्पंजासारखे सच्छिद्र तुकडे करता येतात, आणि शरीर त्याला सहसा परके मानत नाही. त्या छिद्रांत पेशी जाऊन वाढतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. अनुया निसळ यांच्या या विषयातील कामातून सेरिजेन नावाची कंपनी निघाली. हाडातली पोकळी भरून काढण्यासाठी रेशमाच्या प्रथिनाचे साहित्य, हा तिचा विषय. तुतीच्या रेशमावरचे हे काम आहे.

टसरची गोष्ट त्याहून पुढची. खडगपूरच्या आयआयटीत प्रा. एस. सी. कुंडू यांनी टसरच्या फायब्रोइनवर अनेक वर्षे काम केले. टसरच्या प्रथिनात तीन अमिनो आम्लांची एक छोटी कडी असते, जिला पेशी पकडून बसतात. तुतीच्या रेशमात ती कडी नसते. म्हणजे ऐनाच्या झाडावरचा जो खडबडीत कोष व्यापारात तुतीपेक्षा हलका समजला जातो, तोच प्रयोगशाळेत या एका गुणाने सरस ठरला. हे आम्ही वाचले तेव्हा दुकानातल्या ठाणांकडे बराच वेळ पाहत राहिलो. जंगलात राखण करणाऱ्या ढिवराला आणि आमच्यासारख्या दलालाला हे कोणी कधी सांगितले नाही. आणि सांगणारा आपल्या घरातून निघावा, अशी तयारी आपणही केली नाही.

चूक आमच्या घरात झाली

आमच्या बहिणीची थोरली मुलगी शाळेत पहिल्या तीनांत असे. मेहुणे गादीवाले आहेत, रुई पिंजण्याचा बापजाद्यांचा व्यवसाय. नऊ वर्षांपूर्वी ती दहावी झाली तेव्हा अकरावीत तिला गणित व जीवशास्त्र दोन्ही घ्यायचे होते. एका शिकवणीच्या संचालकांनी सांगितले की गणित ठेवाल तर मन दोन ठिकाणी वाटले जाईल, मेडिकल हातचे जाईल. घरातील वडीलधारे म्हणून आम्हाला विचारले गेले, आणि आम्ही मान डोलावली. उर्दू शाळेत रियाजीच्या तासाला आम्ही स्वतः मार खाल्लेला. मुलीची त्यातून सुटका झाली तर बरेच, असा आमचा विचार. विचार कसला, तो आळसच होता.

नीट परीक्षेत तिला सरकारी जागा मिळण्याइतके गुण पडले नाहीत. एक वर्ष थांबून पुन्हा दिली, पुन्हा थोडक्यात हुकले. मग बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी. तिथे खमिराच्या टाक्या पाहून तिला हा विषय आवडला आणि तिने इंजिनिअरिंगची चौकशी केली. बी.एस्सी. झालेल्यांना इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला घेण्याची सोय आहे. पण बारावीला गणित असले पाहिजे. काही खाजगी व अभिमत विद्यापीठे बायोटेक्नॉलॉजीच्या बी.टेक.ला गणिताशिवायही घेतात, पण तिथली फी गादीवाल्याच्या घराला झेपणारी नव्हती. अकरावीच्या फॉर्मवरची एक खूण, आणि तिची किंमत मुलीने इतक्या वर्षांत भरली. तिने आम्हाला कधी बोल लावला नाही. त्यानेच जास्त लागते.

म्हणून पहिली गोष्ट अगदी स्पष्ट लिहितो. आपल्या राज्यात अकरावी विज्ञानाला गणित व जीवशास्त्र दोन्ही घेता येतात. एमएचटी-सीईटीत दोन्ही गटांची परीक्षा देता येते. आणखी एक गंमत अशी की आयआयटी-एनआयटीच्या जेईई परीक्षेत जीवशास्त्राचा एकही प्रश्न नसतो. बायो-इंजिनिअर व्हायला जाणाऱ्याची परीक्षा भौतिक, रसायन आणि गणितात होते. आम्हाला हे उफराटे वाटले होते. मग देग आठवली. उष्णता किती निघेल, हवा किती लागेल, हे सारे गणितच की.

कोठे शिकावे

गोंदियाची सोय अशी की मुंबई-हावडा रेल्वेवर एका बाजूला नागपूर व दुसऱ्या बाजूला रायपूर. रायपूरच्या एनआयटीत बायोटेक्नॉलॉजी व बायोमेडिकल या दोन्ही शाखा आहेत. एनआयटीच्या निम्म्या जागा त्याच राज्याच्या मुलांना असतात, त्यामुळे आपल्या मुलांची स्पर्धा उरलेल्या निम्म्यांत. नागपूरला लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट आहे, कामठीचे रावबहादूर लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली निघालेली. तिथे केमिकल इंजिनिअरिंग व केमिकल टेक्नॉलॉजी शिकवतात. बायोप्रोसेसच्या कारखान्यात केमिकल इंजिनिअर चांगला चालतो, किंबहुना बरेच कारखाने त्यालाच आधी घेतात. पाटीवर 'बायो' नाही म्हणून ही वाट सोडू नये.

मुंबईच्या माटुंग्याची आयसीटी, जुन्या लोकांची यूडीसीटी, ही तर कापडवाल्यांचीच म्हणावी. १९३३ साली ती निघाली तेव्हा कापड रसायन हा तिचा पायाचा विषय होता, गिरण्यांना शिकलेले रंगारी हवे होते म्हणून. आज तिथे तंतू व वस्त्र-प्रक्रियेचे बी.टेक. आहे आणि बायोप्रोसेसचे एम.टेक.ही आहे. आयआयटी मुंबईत बायोमेडिकलचे एम.टेक. आहे. अलीगढच्या विद्यापीठात १९८४ सालापासून बायोटेक्नॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे एम.एस्सी. व संशोधन होते.

एम.टेक.चा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो तो मुद्दाम. या विषयात चार वर्षांच्या पदवीवर थांबणाऱ्याला साधारण नोकरी मिळते, आणि तिचा पहिला पगार पाहून व्यापारी बाप कपाळाला हात लावतो. एवढ्या पैशात तर दुकानात जुना नोकर मिळतो! कारण उघड आहे: बी.एस्सी.वाले, बी.फार्म.वाले, केमिकलवाले सगळे त्याच खुर्चीसाठी उभे असतात. संगणकवाल्यांसारखी पहिल्या वर्षीच मोठी रक्कम येथे नाही. ज्या घराला चार वर्षांनी लगेच कमाई हवी आहे, त्याने हे आधी समजून घ्यावे. गेट परीक्षा पास होऊन मान्यताप्राप्त संस्थेत एम.टेक.ला जाणाऱ्याला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते, त्यामुळे पुढची दोन वर्षे घरावर फारसा भार पडत नाही. एम.एस्सी. झालेल्यांनाही काही संस्था गेटवर एम.टेक.ला घेतात.

नोकऱ्यांची ठिकाणे कोणती? पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट, १९६६ पासून लसी बनवणारी. पुण्यातच मायलॅब, जिच्या कोरोना तपासणीच्या किटला मार्च २०२० मध्ये परवानगी मिळाली, आणि ते किट बनवणाऱ्या पथकाच्या प्रमुख मीनल दाखवे-भोसले या महिला शास्त्रज्ञ होत्या. पुण्याचीच प्राज ही कंपनी इथेनॉलचे कारखाने उभारते. याखेरीज बियाणे कंपन्या, कापडाची एन्झाइमे विकणाऱ्या कंपन्या, सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे. रंगाऱ्यांच्या वस्तीत ज्यांनी नाल्याचे लाल-निळे पाणी पाहिले आहे त्यांना या शेवटच्या कामाची गरज वेगळी सांगायला नको. कारखान्यात प्रत्यक्ष टाकीवर काम असते, माल गाळून शुद्ध करण्याचे असते, दर्जा तपासण्याचे असते; आणि कागदपत्रांचे काम तर अफाट. औषधाच्या कारखान्यात जे लिहिले नाही ते झालेच नाही असे धरतात. आपल्या बाजारातल्या कच्च्या चिठ्ठ्यांच्या सवयीला हा मोठाच धक्का.

ज्यांच्या हातात हुनर आहे त्यांच्यासाठी

सगळ्यांनी पदवीच घ्यावी असे नाही. जयपूर फूटची हकीकत ऐका. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी व रामचंद्र शर्मा या दोघांनी तो पाय घडवला. शर्मा हे कारागीर, शिल्पी. डॉक्टरकीची विद्या त्यांच्याकडे नव्हती. परदेशी पाय घालून आपल्या माणसाला उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, अनवाणी चालता येत नसे. नमाजच्या बैठकीचा विचार करा म्हणजे अडचण कळेल. टायरवाल्याच्या रबराच्या कामावरून शर्मांना वाट सुचली आणि रबराचा, वाकणारा, स्वस्त पाय तयार झाला. १९८१ साली सेठी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मास्टरजींचे नाव त्या मानाने थोडेच लोक घेतात.

आज या कामाची रीतसर पदवी आहे, प्रोस्थेटिक्स व ऑर्थोटिक्स म्हणतात. मुंबईत हाजी अलीजवळच्या केंद्र सरकारच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्थेत ती शिकवतात. चामड्याचे, सुतारकामाचे, शिवणकामाचे हात असलेल्या घरातल्या मुलांना ही शाखा मानवेल असे आमचे मत आहे. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांच्या मुलांनी दहावीनंतर मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सची पदविका पाहावी. तीन वर्षांनी नोकरी, किंवा पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. गोंदियात २०१६ साली सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झाले. तिथे आणि खाजगी दवाखान्यांत व्हेंटिलेटर, मॉनिटर, डायलिसिसची यंत्रे वाढत आहेत. यंत्र बंद पडले की माणूस लागतोच.

पैसा व कागद

व्यापारी पानावर पैशाचे बोलायलाच हवे. राज्य सरकारने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. त्यासाठी मुलगी ओबीसी, एसईबीसी किंवा आर्थिक दुर्बल गटातील असावी, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असावे आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा. मॅनेजमेंटच्या जागेवर ही सवलत नाही, म्हणून दलालाच्या हाती पैसे देऊन जागा 'पक्की' करणाऱ्यांनी दोनदा विचार करावा. पीएच.डी.साठीची मौलाना आझाद फेलोशिप २०२२ साली बंद झाली. जुन्या माहितीवर तिचा भरवसा धरून बसू नये.

आपल्या कारागीर बिरादऱ्यांपैकी अन्सारी-जुलाहा, पिंजारी-मन्सुरी, बागवान, अत्तार, तांबोळी अशा अनेक राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. अडते ते दाखल्यावर. १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, आणि जुन्या शाळांच्या दाखल-खारीज रजिस्टरात मास्तरांनी जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहून ठेवलेले असते. निकाल लागल्यावर पळापळ केली तर प्रवेशाच्या तारखा निघून जातात. हे काम मुलगी आठवी-नववीत असतानाच हाती घ्यावे.

आमच्या बहिणीकडे थोरली आता एम.एस्सी. झाली असून गेटची तयारी करते आहे. परीक्षा फेब्रुवारीत असते. धाकटी या वर्षी दहावीला आहे. तिने अकरावीत दोन्ही विषय घ्यायचे ठरवले आहे आणि या खेपेला आम्हाला कोणी विचारले नाही. आमच्याकडे फक्त दाखल्याचे काम सोपवले. मेहुण्यांच्या वालिदांच्या नोंदीत 'मुसलमान' एवढेच निघाले. मग उर्दू शाळेच्या कपाटात दोन दिवस बसून आम्ही रजिस्टरे चाळली, कारण ते जुने शिकस्ता अक्षर आता तिथे कोणाला नीट लागत नाही. तिसऱ्या रजिस्टरात मेहुण्यांच्या सख्ख्या चुलत्यांचे नाव सापडले, १९५८ सालचे, आणि पुढे जातीच्या रकान्यात स्वच्छ लिहिलेले 'पिंजारी'. त्या पानाची नक्कल, मराठी भाषांतर आणि वंशावळ जोडून फाईल उपविभागीय कार्यालयात दिली आहे.